मुद्दाम फोडलेला खडा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, शाळेविषयी काहीही लिहा म्हणून. लिहायला बसलो आणि सगळं जडाईच्या, म्हणजे दागिन्यात खडे बसवायला शिकवणाऱ्या, सरांविषयीच झालं. संमेलनं, बक्षिसं, नवी इमारत यांवर बाकीचे लिहितीलच.

गोल खडे बसवायला जमू लागले की आम्ही स्वतःला कारागीर समजायचो. मग सर चौकोनी खडा हातावर ठेवायचे. गोल खडा बैठकीत, म्हणजे त्याच्यासाठी धातूत कोरलेल्या जागेत, जरा फिरला तरी कुणाला कळत नाही. चौकोनी केसभर तिरका बसला की अंगठी घालणाऱ्यालासुद्धा दिसतं.

एका दुपारी सरांनी काचेचा चौकोनी खडा आमच्यासमोर मुद्दाम चुकीचा जडवला. खड्याच्या कडेची जाडी न मोजताच चारही नख्यांना, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या दांड्यांना, खाचा पाडल्या, त्याही नखीच्या निम्म्याहून खोल. "सर, नखी तुटेल," पुढच्या बाकावरून आवाज आला. सर नुसते हसले. बैठक गोल खड्याच्या कोनाची, आणि या खड्याचं पोट, म्हणजे खालचा भाग, फुगीर, त्यामुळे तो डुलत होता. तरी दाबला. एक नखी एकदम पूर्ण वाकवली, मग तिच्या शेजारची. तिसरीला 'टिक्' झालं. भिंग वर्गभर फिरलं. कोपऱ्याचा टवका उडाला होता.

"हिरा असता तर वाचला असता," कुणीतरी बोललं. त्यावर सर तासभर बोलले असतील. ओरखडा न पडणं वेगळं, न फुटणं वेगळं. काठिण्य 10, म्हणजे सर्वाधिक, असलं तरी हिरा चार ठरावीक दिशांना दुभंगू शकतो, आणि चौकोनी खड्याचा टोकदार कोपरा ही त्याची सगळ्यांत नाजूक जागा. पाचूच्या तर पोटातच भेगा, म्हणून त्याचे कोपरे बहुधा छाटलेले असतात.

मग दुसरा खडा घेऊन त्यांनी नीट करून दाखवलं. भार बाजूंवर, कोपरा मोकळा. बैठकीत प्रत्येक कोपऱ्याखाली बारीक बरने, म्हणजे धातू कोरणाऱ्या फिरत्या पात्याने, खळगा, म्हणजे टोक धातूला टेकतच नाही. वरून व्ही आकाराची नखी, झाकणारी पण न चेपणारी. दाब समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटून पालटून, थोडा थोडा. बंद कोंदण, म्हणजे नख्यांऐवजी खड्याभोवती धातूची सलग कड, असेल तर आधी कोपरे बसवायचे, मग बाजू. उलट केलं की जादा धातू कोपऱ्यात गोळा होऊन सुरकुती पडते. आणि मुळात खडा हाती येताच दहापट भिंगाखाली चारही कोपरे बघायचे, नाहीतर आधीचा टवका आपल्या माथी. (हे शेवटचं वाक्य मला पुढे किती भांडणांतून वाचवून गेलं!)

आज माझा स्वतःचा कारखाना आहे. अंगठी संगणकावर रेखली जाते, बैठकीसकट ओतून येते, आणि नवी पोरं खडा थेट तिच्यात सोडायला निघतात. एकाच मापाचे म्हणून आलेले दोन खडे क्वचितच तंतोतंत सारखे असतात, हे त्यांना पटवताना सरांचाच आवाज माझ्या तोंडून निघतो. बराचसा त्यांच्याइतकाच तिरसट.

जडाईच्या खोलीत आता लाखेची शेगडी नाही, खिडकीकडची बाकंही गेली, असं कळलं. यंत्रं यायलाच हवीत, पण खिडकीचा उजेड का घालवला ते कळत नाही. महोत्सवाच्या पत्रिकेत विश्वस्तांचे फोटो आहेत, सरांचा नाही. कुणाकडे असेल तर समितीकडे द्यावा. मोठा करून त्या खोलीत लावण्याचा खर्च मी करतो.