झेडरॅममध्ये घरचं कॉम्प्रेशन: शून्यांनी गंडवलं

यूजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रामसारखा, सुरळीत चालणारा माझा कॉम्प्रेशनचा कोड या आठवड्यात लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) बसवला. बसवला म्हणजे कोंबला.

कल्पना साधी आहे. झेडरॅम (डेटा दाबून रॅममध्येच ठेवणारी लिनक्सची आभासी डिस्क) एका वेळी मेमरीचं एकच पेज दाबतं, म्हणजे सहसा ४०९६ बाइट. आधी येऊन गेलेल्या बाइट परत आल्या (ही मॅच) की त्या पुन्हा न लिहिता किती मागे आणि किती लांबीच्या एवढंच लिहायचं. मग मॅच कितीही मागे सापडली तरी अंतर १२ बिटांत मावतं, उरलेल्या ४ बिटांत लांबी, ३ ते १८. दोन बाइटांत काम झालं, वर ही मॅच आहे की साधी बाइट हे सांगणारा एक फ्लॅग बिट. एलझेड४ या प्रचलित कॉम्प्रेशनला नुसत्या अंतरालाच दोन बाइट लागतात आणि ४ बाइटांहून छोटी मॅच तो घेतच नाही. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणजे एक ‘र’ किंवा एक काना माझ्या मॅचमध्ये चपखल बसतो. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप या मोहापायीच. वेगाचं विचारू नका.

जोडणी सोपी निघाली. कर्नल ६.१२ पासून झेडरॅमने क्रिप्टो एपीआय (कर्नलमधली सामायिक कॉम्प्रेशनची सोय) सोडून स्वतःचे बॅकएंड, म्हणजे प्रत्येक कॉम्प्रेशनसाठी वेगळे जोडभाग, ठेवलेत, त्यामुळे झेडएसटीडी या दुसऱ्या कॉम्प्रेशनच्या बॅकएंडकडे बघत बघत सहा फंक्शनं लिहिली की झालं. पहिला फटका स्टॅकचा, म्हणजे फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलांना मिळणाऱ्या मेमरीचा. मॅच शोधायचं ८ केबीचं हॅश टेबल मी बिनधास्त लोकल ॲरे म्हणून ठेवलं होतं. कंपायलर २०४८ बाइटांवरच ओरडला. बरोबरच आहे, एक्स८६-६४वर कर्नलचा अख्खा स्टॅकच १६ केबीचा. टेबल कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे स्टॅकबाहेर वेगळ्या घेतलेल्या मेमरीत, हलवलं.

मग क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीनमध्ये) झेडरॅमवर शून्यं लिहून पाहिली. एकही चूक नाही! चहा केला. नंतर लक्षात आलं, एकच मशीन-वर्ड (प्रोसेसरचा ठरावीक बाइटांचा तुकडा) पुन्हा पुन्हा येऊन भरलेलं पेज झेडरॅम आधीच ओळखून बाजूला काढतं. माझ्या फंक्शनला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती.

मग झेडरॅमवर ईएक्सटी४ फाइलसिस्टम करून कर्नलचा सोर्स कॉपी केला, कॅश रिकामी केली (नाहीतर आपण रॅममधलीच प्रत वाचून खूश होतो) आणि फायली जशाच्या तशा आहेत का ते बघायला चेकसम काढले. बऱ्याच फायली बिघडलेल्या. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी हेक्स डंपमध्ये (फायलीतल्या कच्च्या बाइटांच्या यादीत) दिसलं: जिथे ओळीने टॅब किंवा स्पेस, तिथेच कचरा. अंतर १, लांबी १८ अशी मॅच म्हणजे आत्ताच लिहिलेली बाइट लगेच परत वाचायची. यूजरस्पेसमध्ये मी एकेक बाइट उचलत होतो. कर्नलमध्ये आणताना शहाणपणा करून मेमसीपीवाय हे मेमरी कॉपी करणारं तयार फंक्शन घातलं. ते एका दमात अनेक बाइट उचलतं, पुढच्या बाइट लिहून व्हायच्या आतच. परत साधा लूप घातला, सगळे चेकसम जुळले.

आता खरी अडचण. एआरएम६४ प्रोसेसरवर १६ केबीची पेजं असू शकतात. तिथे अंतरालाच १४ बिट जाणार, लांबीला उरले दोन. तूर्त केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या सेटिंगमध्ये) ४ केबी पेजची अट घातली आहे. पेजचे चार तुकडे करून दाबावं असं डोक्यात आहे, पण मग तुकड्यांपलीकडच्या मॅच हातच्या जातात. पुढच्या रविवारी करून बघतो.