दोन वाजून चाळीस मिनिटांनी सरकलेली उशी

झोपेच्या तपासणीच्या विभागात मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. रुग्णाच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवायच्या, छातीला व पोटाला पट्टे बांधायचे, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावायची आणि मग शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसून त्याची झोप रात्रभर वाचत राहायचे, असे हे काम आहे. या सगळ्यात रुग्णाच्या उशीकडे माझे कधी नीट लक्ष गेले नव्हते. ते ज्या रात्री गेले, त्या रात्रीविषयी लिहिते आहे.

रुग्ण साठीच्या जवळ आलेले एक शिंपीकाका होते. आयुष्यभर मशीनवर वाकून काम केल्याने त्यांची मान दुखत असे, आणि घोरणे तर घरच्यांच्या सवयीचे झाले होते. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडेच झालेल्या तपासणीत झोपेत त्यांचा श्वास तासाला ३८ वेळा अडतो असे आढळले होते. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा ठळकपणे उथळ झाला की ती एक घटना धरतात, आणि तासाला ३० किंवा त्याहून अधिक घटना म्हणजे तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया. त्यांना सीपॅप यंत्र सुरू झाले. मास्कमधून सौम्य दाबाची हवा देऊन घसा आतून उघडा ठेवण्याची ही पद्धत ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही या आजारावरचा तो मुख्य उपचार आहे. काकांना ९ सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुरत होता. यंत्राच्या नोंदीत घटना तासाला दोन-तीनवर आल्या आणि दिवसाची पेंगही गेली.

पाच महिने असे बरे गेल्यावर तोच आकडा बारा-चौदापर्यंत चढला. मास्कमधून हवेची गळती वाढली, काका मध्यरात्री मास्क काढून टाकू लागले आणि दुपारी मशीनवर पुन्हा डोळे मिटू लागले. वजन वाढलेले नव्हते. मास्कची जुनी झालेली गादी बदलून पाहिली होती, नाक चोंदलेले नव्हते. दाब कमी पडत असावा असा अंदाज करून डॉक्टरांनी त्यांना दाब नव्याने ठरवण्यासाठी रात्रभराच्या तपासणीला बोलावले.

काका आले ते एका मोठ्या पिशवीत दोन उशा घेऊन. एक जुनी, कापसाची, चेपलेली. दुसरी नवी, जाड फोमची, मानेच्या बाजूला उंचवटा असलेली. "ताई, ही नवी उशी नसली तर सकाळी मला मान वळवता येत नाही," ते म्हणाले. कापसाची कशाला, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की डोके उंच ठेवले तर श्वासाला सोपे जाते असे कोणीतरी सुचवले होते, म्हणून नवी उशी ते जुनीवर ठेवतात. स्वतःची उशी आणायला आमची हरकत नसते, उलट त्याने परक्या खोलीत झोप लवकर लागते. मी दोन्ही उशा तशाच एकावर एक ठेवू दिल्या, आणि तारा लावण्याच्या कामाला लागले.

त्यांचा डोळा अकराच्या सुमारास लागला, आणि पहिल्या तासातच घटना सुरू झाल्या. त्या पूर्ण झोपेत विखुरलेल्या नव्हत्या. पाच-सात मिनिटे सलग येत, मग थोडी शांतता, मग पुन्हा तसाच पुंजका. मी नियमाप्रमाणे दाब १० केला, मग ११. गळती वाढली, घटना हटल्या नाहीत. मला खटकत होती ती त्यांची वेळ. असे पुंजके आम्ही बहुधा स्वप्नांच्या झोपेत पाहतो, कारण त्या अवस्थेत स्नायू सर्वाधिक सैल पडतात. पण ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि इथे तर पूर्वार्धातच श्वास अडत होता.

२ वाजून ४० मिनिटांनी काकांनी झोपेतच डावा हात वर नेला आणि डोक्याखालची जाड उशी बाजूला ढकलली. डोके चेपलेल्या कापसाच्या उशीवर उतरले. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत श्वासाची रेघ अशी शांत आणि एकसारख्या लाटांची झाली, की यंत्राची नळी निसटली की काय या शंकेने मी कॅमेऱ्याकडे पाहिले. नळी जागेवर होती. गळती जवळपास थांबली होती. मी दाब हळूहळू पुन्हा ९ वर आणला, तरी श्वास तसाच राहिला. तीनच्या पुढे स्वप्नांची झोप आली, म्हणजे ज्या वेळी परिस्थिती बिघडायला हवी होती ती वेळ आली, आणि त्या वेळीही जेमतेम चार-पाच घटना झाल्या.

छातीच्या पट्ट्यावर आमचा एक छोटा सेन्सर असतो, तो रुग्ण उताणा आहे की कुशीवर हे सांगतो. त्याची नोंद दोन्ही वेळी एकच होती: उताणे. तो सेन्सर धडाची स्थिती सांगतो, मानेची नाही, हे मला माहीत होते. पण इतकी वर्षे अहवाल वाचताना मी त्या एका शब्दावर समाधान मानत आले होते. पहाटे मी अंधारातल्या कॅमेऱ्याचे चित्रण मागे नेऊन पाहिले. साडेअकराच्या चित्रात काकांची हनुवटी जवळजवळ छातीला टेकली होती, गळ्यावर त्वचेची खोल घडी पडली होती, आणि मास्कचा खालचा काठ हनुवटीखाली दबून वाकडा झाला होता. तीनच्या चित्रात ती घडी नव्हती. चेहरा छताकडे होता आणि मास्क सरळ बसला होता.

बेशुद्ध माणसाला प्रथमोपचार देताना त्याचे डोके मागे झुकवून हनुवटी वर उचलतात, कारण त्याने श्वासमार्ग मोकळा होतो. काकांच्या दोन उशा बरोबर याच्या उलट करत होत्या. मान पुढे वाकली की जिभेच्या मुळामागची जागा अरुंद होते, आणि ज्याचा घसा झोपेत आधीच मिटायला टपलेला आहे त्याला तेवढे पुरते. डोके उंच ठेवण्याचा सल्ला सर्वस्वी चुकीचा नव्हता. पलंगाची उशाकडची बाजू थोडी उचलून कमरेपासून वरचे सगळे शरीर एका उतारावर ठेवले तर काहींना फायदा होतो. पण उशांची चळत शरीराला उतार देत नाही. ती फक्त मान मोडते.

सकाळी काकू न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना नवी उशी कधी घेतली ते विचारले. त्यांनी सांगितलेला आठवडा आणि यंत्राच्या नोंदीत आकडा चढू लागला तो आठवडा एकच निघाला. मधल्या काळात मी काकांशी तीनदा फोनवर बोलले होते. मास्क, नळी, आर्द्रतेची टाकी, सगळे विचारले होते, आणि उशीचा विषय मी एकदाही काढला नव्हता. काकूंना मी तसे स्पष्ट सांगितले.

तरीही प्रश्न निम्माच सुटला होता. ती उशी काढून घ्या म्हणणे सोपे, पण मानेचे काय? डॉक्टरांनी आधी हातांतली ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असता, किंवा पकड ढिली झाली असती, तर उशीची चर्चा बाजूला ठेवून आधी तोच शोध घ्यावा लागला असता. तसे काही नव्हते. मग आमच्या फिजिओथेरपिस्ट आल्या आणि त्यांनी काकांना आमच्या पलंगावर झोपवून एक साधी गोष्ट दाखवली. मानेचे सात मणके पुढे बाक घेऊन असतात, त्यामुळे उताणे झोपल्यावर पोकळी राहते ती मानेखाली, डोक्याखाली नव्हे. जाड उशी डोके उचलते आणि ती पोकळी बऱ्याचदा रिकामीच सोडते. त्यांनी हातपुसण्याचा एक टॉवेल घट्ट गुंडाळून पातळ उशीच्या अभ्र्यात, खालच्या काठाशी, सरकवला. काका त्यावर टेकले, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "इथेच तर दुखतं." दुखते तिथे आधार मिळाला होता आणि हनुवटी खाली गेली नव्हती.

कुशीवरचा हिशेब वेगळा निघाला. कुशीवर झोपताना खांद्याच्या कडेपासून कानापर्यंतचे अंतर उशीने भरून काढायचे असते, नाहीतर डोके खाली लटकते आणि मान रात्रभर एका अंगाला ताणलेली राहते. काकांना भिंतीला खांदा लावून उभे केले आणि भिंतीपासून कानापर्यंत टेप धरली, तर १५ सेंटिमीटर भरले. त्यांची गादी मऊ, खांदा तिच्यात तीनएक सेंटिमीटर रुततो, म्हणजे गरज सुमारे १२ची. आणि हे माप डोक्याच्या वजनाने उशी दबल्यानंतरचे, हाताने चाचपून घेतलेले नव्हे. उताणे असताना मात्र त्यांना सहा-सातच पुरत होते. एकच माणूस, एकच रात्र आणि दोन उंच्या. पोटावर झोपण्याची सवय त्यांना नव्हती हे बरे, कारण त्यात मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते आणि मास्कही टिकत नाही.

त्यांनी अखेर घेतली ती मध्ये खोलगट, दोन्ही कडांना उंच आणि आतले थर काढता-घालता येणारी उशी. तिच्या दोन्ही बाजूंना मास्कसाठी खाचा आहेत, म्हणजे कुशीवर वळल्यावर मास्कचा सांगाडा उशीत दाबला जाऊन वाकडा होत नाही. अशा उशांत वापरला जाणारा, अंगाच्या आकाराप्रमाणे हळूहळू दबणारा मेमरी फोम १९६६ मध्ये नासासाठी, विमानांच्या आसनांकरिता विकसित झाला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे टेकल्या क्षणी जी उंची वाटते ती पंधरा मिनिटांनी राहत नाही. म्हणून मी काकांना नवी उशी मास्क लावून, स्वतःच्या गादीवर, किमान वीस मिनिटे आडवे होऊन बघायला सांगितले, आणि काकूंना त्या वेळी बाजूने फोटो काढायला सांगितले. तो फोटो त्यांनी मला दाखवला. त्यात कपाळ आणि हनुवटी जवळपास एका पातळीत होती.

या सगळ्यात काकांनी मला एकदा आशेने विचारले होते, "मग चांगल्या उशीवर यंत्र सुटेल का?" नाही, असे मी सरळ सांगितले. त्यांच्यासारख्या तीव्र आजारात उशी यंत्राची जागा घेत नाही. ती यंत्राच्या आड येऊ नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे.

पहिले दहा-बारा दिवस नव्या उंचीवर मान अधिकच आखडली आणि त्यांनी दोनदा ती चळत पुन्हा रचायचा विचार केला. त्यांनी मला फोन केला, आणि आम्ही एक थर वाढवून, दर चार दिवसांनी थोडा कमी करत गेलो. दोन महिन्यांनी यंत्राच्या नोंदीत घटना तासाला ३ आहेत, दाब ९च आहे. मान सकाळी अजून थोडी जड असते, पण अंघोळीपर्यंत सुटते. व्यायाम चालू आहेत. डाव्या कुशीवर त्यांचा खांदा दुखतो म्हणून ते बहुतेक उजव्या कुशीवर झोपतात, आणि ती जाड फोमची उशी आता त्यांच्या पाठीमागे उभी असते, झोपेत ते उताणे वळू नयेत म्हणून.