बिननेटच्या गावी, ऐन वैशाखात: नव्या लॅपटॉपची तयारी

लॅपटॉप घेतला तो एकाच कामासाठी. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा आणि आष्टी तालुक्यांत, बालाघाटाच्या माथ्यावरच्या काही गावांत तीन आठवडे राहून विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि नकाशावर मांडायची. पावसाळ्याआधी पाणी सगळ्यात खाली जातं, ती पातळी हवी तर मे महिन्यातच जावं लागतं. तेव्हा पारा ४२-४३ ला असतो आणि मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. छत्रपती संभाजीनगरहून निघायला बारा दिवस होते. सॉफ्टवेअर टाकायला त्यातले दोन पुरले. बाकीचे दिवस घरातच नेट बंद, कूलर बंद ठेवून कुठे काय अडतं ते पाहण्यात गेले, आणि अडलं बरंच.

खोकं गावात नेऊन उघडू नये. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्या सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, त्यामुळे तिथे पहिल्याच पायरीवर थांबावं लागेल. घरी चांगल्या वाय-फायवर सुरू केलं आणि लगेच अपडेट लावले. सगळं अद्ययावत आहे असा संदेश एकदा आला म्हणून थांबायचं नसतं. रीस्टार्ट करून पुन्हा तपासलं की आणखी निघतात. माझ्या चार फेऱ्या झाल्या. मग चार्जर लावून, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमधून बायोसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट केलं. हे सगळं उरकल्यावर अपडेट पाच आठवड्यांसाठी थांबवले. त्याहून जास्त दिवसांची सोय सेटिंग्जमध्ये नव्हती, पण तीन आठवड्यांना ती भरपूर झाली. फोनचा हॉटस्पॉट एकदा जोडून त्याला ‘मीटर्ड’ (मोजूनमापून वापरायचं नेट) अशी खूण केली. नाहीतर टेकडीवर एक काडी रेंज मिळावी आणि ती पार्श्वभूमीला चाललेल्या डाउनलोडने खावी, असं होतं.

मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की नव्या लॅपटॉपच्या डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) बहुधा आपोआप चालू होतं, कुणी विचारत नाही. पुढे बायोसमध्ये काही बदललं किंवा सुरक्षा चिपला शंका आली, की सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की साठवलेली असते ऑनलाइन खात्यात. म्हणजे कुलूप गावात आणि किल्ली इंटरनेटवर. खात्यातून ती उघडली आणि कागदावर उतरवली: सहा-सहा अंकांचे आठ गट. उतरवताना सगळे आकडे इंग्रजीतच लिहावेत. मराठी ४ आणि इंग्रजी आठ जवळजवळ सारखे दिसतात, आणि घाईत हात मराठीकडे वळतो. एक प्रत डायरीत, एक घरी. लॅपटॉपच्या बॅगेत ती ठेवायची नाही. बॅग चोरीला गेली तर कुलपाला काय अर्थ राहिला?

उन्हाची चाचणी मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकावी, दुकानातून बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंत. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. ते पत्रक लिहिणाऱ्याने मे महिन्यात बीड पाहिलेलं नसावं. दुपारी दोन ते चार, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली, पंखा आणि कूलर बंद करून लॅपटॉप लावला. खोलीत ३९ अंश. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीच्या डेटावरून डोंगरछाया आणि उतार काढण्याचं जड काम सतत चालू ठेवलं आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामने तापमान नोंदवलं. पाऊण तासात प्रोसेसर ९५ ला जाऊन टेकला आणि वेग वर-खाली व्हायला लागला. यात यंत्राचा दोष नाही. आतला पंखा खोलीतलीच हवा ओढतो. ती २५ ऐवजी ३९ अंशांची असली की आतले आकडे साधारण तेवढ्याच फरकाने वर सरकतात, आणि मर्यादेला टेकलं की प्रोसेसर स्वतःच हात आखडता घेतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो जुन्या कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंग्जमध्ये दडलेला असतो: प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण ९९ केलं की टर्बो बूस्टच (वेग तात्पुरता वाढवण्याची सोय) बंद होतो आणि उष्णतेचा मोठा वाटा त्या बूस्टचाच असतो. तीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा आकडा ७८ च्या आसपास राहिला. काम संपायला १४ मिनिटांऐवजी १९ लागली. नोंदी भरताना हा फरक कळतसुद्धा नाही. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे कंपनीच्या ॲपमधला ‘शांत’ किंवा ‘बॅटरी वाचवा’ हा मोड जवळपास तेच करतो.

बॅटरीचा हिशेब वेगळा. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि पूर्ण भरलेली अवस्था सोसत नाही. दोन्ही एकत्र आले तर ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. शिवाय ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिला घातक, म्हणून बॅटरी जास्त तापली की चार्जिंग आपोआप मंदावतं किंवा थांबतं. चार्जर बिघडला असं समजून लोक धावपळ करतात. लॅपटॉप बंद करून अर्धा तास सावलीत ठेवला की पुन्हा सुरू होतं. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के केली. आता गावातल्या लाइटचा भरवसा नाही, मग २० टक्के का सोडायचे? मी असं ठरवलं: रोज ८०, आणि दूरच्या वस्तीवर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १००. चार्जिंग रात्री दहानंतर किंवा पहाटे, दुपारी नाही.

झाकण मिटलं की लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये जातो, पण हल्लीचे लॅपटॉप स्लीपमध्ये पुरते झोपत नाहीत. अधूनमधून जागे होतात, बॅगेत हवा नसते, आणि दोन तासांनी बॅग उघडली की आत तवा. म्हणून झाकण मिटणं आणि पॉवर बटण दोन्हींना ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) लावलं. पर्याय यादीत नसेल तर पॉवर बटणाच्या सेटिंग्जमध्ये ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ या अर्थाच्या दुव्यावर टिचकी मारून त्याची खूण करावी लागते. सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, तेवढे लागू देत.

मग सहाव्या दिवशी राउटर बंद, लॅपटॉप एरोप्लेन मोडवर, आणि पूर्ण दिवस गावात असल्यासारखं काम.

पहिली फजिती वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची. फोल्डरमध्ये सगळ्या फाइल दिसत होत्या, नावासकट, आकारासकट. उघडायला गेलं तर अर्ध्या उघडेनात. नावापुढे ढगाचं चित्र असेल तर ती फाइल फक्त सर्व्हरवर आहे, लॅपटॉपवर तिचं नावच आहे. फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘कायम या उपकरणावर ठेवा’ हा पर्याय निवडला आणि प्रत्येक फाइलपुढे भरीव हिरवा गोल दिसेपर्यंत थांबलो. पोकळ हिरव्या गोलावर विसंबू नये. जागा कमी पडली की ती फाइल पुन्हा ढगात जाऊ शकते. डेस्कटॉपही न सांगता वनड्राइव्हखाली गेलेला असतो, तो वेगळा तपासावा.

दुसरी नकाशाची. क्यूजीआयएसमधला ओपनस्ट्रीटमॅपचा पार्श्वनकाशा नेटवरून येतो. नेट गेलं की मागे पांढरा पडदा. त्यांच्या सर्व्हरवरून टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) घाऊक उतरवायला मनाई आहे, म्हणून जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून पश्चिम भारताचा कच्चा डेटा उतरवला, दोन तालुक्यांपुरता कापला आणि क्यूजीआयएसच्याच साधनाने नेटशिवाय चालणारी एमबीटाइल्स फाइल बनवली. झूम १० ते १६ पुरे. प्रत्येक पुढच्या झूमला टाइल्स चौपट होतात, १८ पर्यंत जायचं तर सोळापट. डिस्क भरते आणि रात्रही संपते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या पोर्टलवर मोफत मिळतात, तेही घेतले. ओढे आणि जुन्या वाटा त्यांत नीट सापडतात. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएमच्या पट्टा ४३ उत्तरचं ठेवलं. मराठवाड्यात जवळजवळ सगळीकडे ते चालतं, पण ७८ रेखांश ओलांडला, म्हणजे किनवटच्या बाजूला, की ४४ लागतं.

नोंदी फोनवर क्यूफील्ड या ॲपमध्ये घ्यायच्या आणि संध्याकाळी केबलने लॅपटॉपवर आणायच्या होत्या. जीपीएसला नेट लागत नाही हे खरं, पण नेट असलं की उपग्रहांची माहिती फोनला आयती मिळते. नसलं की ती आकाशातून हळूहळू गोळा करावी लागते, त्यामुळे पहिला ठावठिकाणा मिळायला काही मिनिटं लागतात. विहिरीच्या काठावर उभं राहून फोन वाईट आहे असं ठरवू नये. मोकळ्या आभाळाखाली धरून थांबावं. फॉर्ममध्ये खोलीचे दोन रकाने केले, मीटर आणि परस. शेतकरी विहीर परसात सांगतो, आणि एक परस पाच फूट की सहा हे गावागणिक, माणसागणिक बदलतं. त्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा आणि टेपने मोजलेला शेजारी. ‘आडवे बोअर’ (विहिरीच्या भिंतीत आडवी मारलेली भोकं) किती, हा रकाना आधी राहिलाच होता. तो याच दिवशी लक्षात आला.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं सदस्यत्व असेल तर महिन्यातून एकदा तरी नेटला जोडून खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर फाइल नुसती वाचता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा जोडलं, वर लिब्रेऑफिसही टाकून ठेवलं. मराठीचे दोन्ही कीबोर्ड, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, विंडोजमध्येच मिळतात पण भाषा आधी नेटवरून उतरवावी लागते. ‘ऱ्हास’ आणि ‘सुऱ्या’ एकदा टाइप करून पाहावं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ हा शिफ्ट धरून र च्याच बटणावर आहे. कुणीतरी दिलेल्या गावांच्या याद्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या निघाल्या, म्हणजे उघडल्यावर नुसती चिन्हांची भाजी. त्या घरीच युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. ज्या ज्या खात्यांना ओटीपी लागतो त्यांचे बॅकअप कोड छापून घेतले, कारण रेंज नसेल तिथे एसएमएस कुठून येणार?

आता लाइट. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे गावात व्होल्टेज १६० पर्यंत उतरलं तरी तो चालतो. स्टॅबिलायझरचं ओझं नको. धोका वर जाण्याचा. डीपीकडून (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल तुटला तर घरातल्या सिंगल फेजला ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब मिळू शकतो. दुसरं, लाइट आली की शिवारातले ऑटोवर ठेवलेले सगळे पंप एकदम उठतात आणि पहिली काही मिनिटं व्होल्टेज नाचतं. म्हणून नियम: लाइट गेली की ॲडॉप्टर काढायचा, आली की दहा मिनिटांनी लावायचा. सर्ज प्रोटेक्टर घेतला, पण अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर तो अर्धाच उपयोगी. अर्थिंग नसली की धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात फिरवताना बारीक मुंग्या येतात. ॲडॉप्टरमधल्या फिल्टरमधून निसटणारा तो क्षीण प्रवाह असतो. जोराचा झटका बसला तर मात्र प्लग लगेच काढावा.

पॉवर बँक २०,००० एमएएचची, ६५ वॅट टाइप-सी देणारी. हिशेब असा: २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास, रूपांतरात पाचवा हिस्सा गेला तर हाती ५९. माझी बॅटरी ५४ वॅट-तासांची, म्हणजे एक पूर्ण भरणी. २०,००० हा आकडा पाहून ‘चारदा चार्ज होईल’ असं दुकानात सांगतात ते फोनचं. केबलही ६५ वॅट झेपणारी हवी. फोनबरोबर आलेल्या केबलने लॅपटॉप तासाला पाच टक्के चढतो किंवा चढतच नाही.

राहायला पत्र्याची खोली आणि माळवदाचं घर असा पर्याय मिळाला तर माळवद घ्यावं. मातीच्या जाड छताखाली दुपारीही काम होतं. गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळीतून हवा घेणं बंद होतं. लाकडी पाट आणि मागच्या बाजूला बाटलीची दोन टोपणं एवढा स्टँड पुरला. कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही, तुषार उडतात. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. काम नसेल तेव्हा सुती पंचा टाकून ठेवायचा आणि आठवड्याला रबरी फुगारीने जाळी साफ करायची, चालू पंख्यावर नाही. बाहेर झाडाखाली पडदा वाचायचा तर काळी थीम काढून पांढरी लावावी. काळ्या पडद्यात आपलंच तोंड दिसतं. बंद जीप उन्हात उभी असेल तर आत ६० अंशांच्या वर जातं. लॅपटॉप त्यात कधीच ठेवायचा नाही. चालत्या गाडीत सीटखाली, रिकाम्या थर्माकोलच्या डब्यात. डब्यात बर्फ नको.

रोजचा डेटा दोन ठिकाणी: लॅपटॉप आणि एक्सएफएटी पद्धतीने फॉरमॅट केलेला बाहेरचा एसएसडी, आणि दोन्ही रात्री वेगळ्या खोलीत. सोबत विंडोज पुन्हा टाकण्याचा पेन ड्राइव्ह, त्यातच वाय-फायचा ड्रायव्हर.

निघण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून ठेवला होता: पूर्ण भरणी ५४.२ वॅट-तास. तीन आठवड्यांनी परत आल्यावर ५३.१. रिकव्हरी कीचा कागद उघडावा लागला नाही. अपडेट चालू केले, तर या वेळी पाच फेऱ्या.