मॅडम, बुपी की रोपी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परळमधले रेसिडेंट विचारतात, दादरच्या नर्सिंग होममधले सर्जन विचारतात, आता पेशंटचे मुलगेही मोबाइलवर वाचून येतात: प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला एपिड्युरल, म्हणजे पाठीतल्या बारीक नळीतून थोडी थोडी भूल, देणार तर औषध कोणतं, बुपिवाकेन (बुपी), लेव्होबुपिवाकेन की रोपिवाकेन (रोपी)? सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही, आणि मी टाळतेय असंही नाही.

पुस्तकातला फरक खराच आहे. बुपिवाकेन चुकून शिरेत गेलं तर हृदयावर बसतं आणि सहजासहजी सोडत नाही. 1979 साली जॉर्ज अल्ब्राइट यांनी त्यावर लिहिलं, आणि 1984 मध्ये अमेरिकेत बाळंतपणासाठी 0.75 टक्के बुपिवाकेन बंद झालं. रोपिवाकेन हृदयाला सौम्य, पायही लवकर हलायला लागतात. पण त्याची ताकद थोडी कमी, म्हणून आपण टक्केवारी वाढवतो. मग तो सौम्यपणा किती उरतो?

लालबागचे एक आजोबा होते, गिरणीतून निवृत्त, हृदयाचं पंपिंग 30 टक्के, म्हणजे फारच कमी. स्पायनलने, म्हणजे पाठीत एकदाच दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनने, प्रेशर धाडकन पडेल म्हणून एपिड्युरल घेतलं, 0.75 टक्के रोपिवाकेन, पाच-पाच मिली, मध्ये थांबून. स्पिरिटचा बोळा बेंबीपर्यंत गार लागेना, म्हणजे तिथवर बधिर. मी हो म्हटलं, सर्जनने दुर्बीण आत घातली, आणि आजोबा ओरडले, "बाई, खाली आग होतेय!"

सर्जन म्हणाले, "मॅडम, झोपवून टाका." मी नाही म्हटलं. दुर्बिणीतून आत सोडलेलं ग्लायसीनचं पाणी रक्तात शिरून सोडियम घसरला, तर सगळ्यात आधी माणूस अस्वस्थ होतो, बोलताना घोटाळतो. झोपवलं की ती खूण गेली. शिवाय त्या हृदयाला पूर्ण भूल मला द्यायचीच नव्हती. माकडहाडाजवळच्या नसा जाड, औषध त्यांच्यात उशिरा मुरतं. बेंबी बधिर झाली तरी त्या जाग्या असू शकतात. टेबलाचं डोकं थोडं वर केलं, आणखी थोडं औषध दिलं आणि थांबलो. सर्जन हात बांधून उभे. प्रेशरच्या आकड्यावरून माझी नजर हटत नव्हती. पुन्हा दुर्बीण गेली तेव्हा आजोबा मला गिरणीतल्या पाळ्या समजावून सांगत होते.

तेव्हाची मी ठामपणे म्हणायची, रोपी कमजोर आहे. पुढे बुपिवाकेन दिलेल्यांनाही तशीच आग झाली. मग दोष औषधाचा की त्या जागेचा? अ‍ॅड्रेनालिन घातलेलं दोन टक्के लिग्नोकेन कदाचित लवकर पोचलं असतं, पण त्या हृदयाला तेवढं अ‍ॅड्रेनालिन मी आजही देणार नाही.

आता गुदद्वाराजवळ चिमटा घेऊन पाहिल्याशिवाय मी दुर्बिणीला हो म्हणत नाही, मग सिरिंजमध्ये काहीही असो. पंपिंग कमी असेल तर रोपी. माझा जवळचा सहकारी बुपिवाकेन सोडायला तयार नाही. तो थेंबाथेंबाने देतो आणि त्याचेही पेशंट नीट घरी जातात. आमचं यावरून अजून भांडण होतं.