हेवी लायसन्स काढताना ड्रायव्हिंग स्कूल कशी निवडली

पाच वर्षं मी नागपूरच्या कळमना मार्केटमधून छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) चालवला. संत्री, कांदे, बटाटे, मिळेल तो माल. यंदा ट्रकवर जायचं ठरवलं. वय २० पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं, या दोन्ही अटींत मी बसत होतो. मेडिकल झालं, लर्निंग निघालं. खरा वेळ गेला तो स्कूल शोधण्यात.

पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने मला काय येतं, हे विचारलंसुद्धा नाही. "भाऊ, गाडी चालवताच ना तुम्ही? मग रोज यायची काय गरज? टेस्टच्या दिवशी या, बाकी आम्ही पाहतो." पैसेही कमी सांगितले. घरी आलो तेव्हा माझा जवळजवळ होकारच होता. पण काका त्या दिवशी घरी होते. बावीस वर्षं नागपूर-हैदराबाद लाइनवर ट्रक चालवतात. ऐकून म्हणाले, "लायसन्स भेटून जाईल बापू. पन भरलेली गाडी उतारावर लागली का तुले कोन सांगनार हाये?" आणि वर सांगितलं, आधी ट्रक पाहायचा, मग ऑफिसात बसायचं.

दुसऱ्या स्कूलमध्ये तेच केलं. ट्रक दाखवा म्हटलं, तर आवारात ४०७ उभी, म्हणजे टाटाची छोटी मालगाडी! हेवी म्हणजे मालासकट १२,००० किलोच्या वरची गाडी. ४०७ त्याच्या जवळपासही जात नाही. तिच्यावर हात बसवून मी सोळा टनांची गाडी कशी आवरणार होतो?

तिसरी स्कूल वाडीकडे सापडली. ट्रक जुना, पण पूर्ण सहाचाकी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक. मी तास विचारले तसे सरांनी फॉर्म १५ ची फाइलच पुढे ठेवली. कोणत्या पोराने कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, ते त्यात लिहितात. काही पानांवर ग्रीसचे अंगठे उमटले होते. ते पाहून माझा विश्वास बसला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३१ हेवीसाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १५ तास सांगतो. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याची गाडी पाहिलेला वेळ त्यात धरायचा नाही, हे सरांनीच स्पष्ट केलं. फी दोन हजारांनी जास्त होती. भरली.

पहिले दोन दिवस गाडी जागची हललीच नाही. इंजिन चालू करायचं आणि ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत थांबायचं. बझर बंद होतो, काटा वर चढतो, मग हँडब्रेक सोडला की फुस्स आवाज येतो. एअर ब्रेकची गाडी हवा भरल्याशिवाय काढायची नाही, हे अंगात मुरेपर्यंत त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही.

नंतर डावं वळण. कोपऱ्यावर त्यांनी पेंटचा रिकामा डबा ठेवला होता. मी छोट्या हत्तीच्या सवयीने स्टिअरिंग लवकर कापलं, पुढचं चाक नीट गेलं आणि मागचं आत येऊन डब्यावर चढलं. क्लीनर साइडच्या आरशात तो चपटा होताना दिसला. त्या जागी सायकलवरचं पोरगं असतं तर, एवढंच डोक्यात आलं आणि हात थरथरायला लागले. सर रागावले नाहीत. दुसरा डबा ठेवला. सहा दिवस मी तेच वळण घेत होतो.

तीस दिवसांनी फॉर्म ५ चं, म्हणजे स्कूलमध्ये शिकल्याचं सर्टिफिकेट मिळालं, टेस्ट झाली, लायसन्सवर हेवी चढलं. आता काकांसोबत सेकंड ड्रायव्हर म्हणून जातो. बुटीबोरीपर्यंत ते चालवतात, पुढे मी.