शेल्टीच्या रक्तात आलेलं

माझी कुत्री झुई अकरा महिन्यांची होती तेव्हा तिच्या डोळ्यांभोवतीचे केस गळायला लागले. मग पुढच्या पायांवर चट्टे पडले. डॉक्टरांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. डेमोडेक्सचे किडे, म्हणजे खरुजेचाच एक प्रकार. आयव्हरमेक्टिन द्यायचं ठरलं. केसपेपरवर लिहायला त्यांनी ब्रीड विचारली, मी 'शेल्टी', म्हणजे शेटलंड शीपडॉग, म्हणाले आणि त्यांचं पेन थांबलं. "मग हे औषध नको. आधी एमडीआर१ या जनुकाची तपासणी करून घेऊ."

तोपर्यंत मला शेल्टीची अडचण एकच ठाऊक होती, भुंकणं. कोणी खुर्चीतून उठलं, मुलं पळाली, की ही भुंकत त्यांच्याभोवती गोल फिरायची, टाचांपाशी तोंड न्यायची. सायकल दिसली की अंग जमिनीलगत आणि नजर चाकावर. मी रागवायचे. माझा आवाज चढला की तिचाही चढायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर हिच्या पूर्वजांचं कामच कुंपण नसलेल्या शेतात शिरणारी मेंढरं भुंकून हाकलण्याचं होतं, हे समजल्यावर माझा राग गेला. मग दोन-तीनदा भुंकू द्यायचं, शांतपणे 'बास' म्हणायचं, ती सतरंजीवर येऊन बसली की खाऊ द्यायचा, असं सुरू केलं. रोज पंधरा मिनिटं घरात लपवलेल्या वस्तू वासावरून शोधायचं काम दिलं. चार महिने लागले. डोक्याला काम मिळालं की शेल्टी निवते, हे मी आता खात्रीने सांगते.

तपासणी सोपी होती. गालाच्या आतून छोटा ब्रश फिरवला, वाळवला, प्रयोगशाळेत पाठवला. अवघड होते ते दोन आठवडे. खाज फारशी नव्हती, पण चट्टे वाढत होते आणि औषध देता येत नव्हतं. निकाल आला: जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष.

डॉक्टरांनी नीट समजावलं. या जनुकापासून बनणारं प्रथिन मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं परत बाहेर फेकतं. झुईकडे ते धड बनतच नाही. हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत, रोखायला आयव्हरमेक्टिन किलोमागे साधारण 6 मायक्रोग्रॅम देतात, तेवढं अशा कुत्र्यांनाही चालतं. खरुजेला मात्र 300 ते 600 मायक्रोग्रॅम लागतात. तेवढ्याने तोल जाणं, झटके, बेशुद्धी, मृत्यूही. हा दोष 2001 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडला. पुढच्या अभ्यासात त्याचा माग 1873 च्या आधी ब्रिटनमध्ये असलेल्या एकाच पूर्वजापर्यंत गेला. शेल्टीत कॉली या मेंढपाळी जातीचं रक्त बरंच आहे. 1909 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली तीही 'शेटलंड कॉली' म्हणून. टाचांमागे धावणं आणि हा दोष, दोन्ही तिला मेंढपाळांच्या कुत्र्यांकडूनच मिळालेलं.

झुईला आयव्हरमेक्टिनऐवजी किडे मारणारी आयसोऑक्साझोलिन गटातली गोळी दिली. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवड तपासली, दोन्ही वेळा किडे नव्हते, तेव्हा उपचार थांबले. चट्ट्यांवर आधी आतली मऊ लव आली, वरचे लांब केस बऱ्याच उशिरा. कानांमागे गुंता आजही होतो, तिथे फणी रोज लागते.

नंतर नसबंदीच्या वेळी मी तो अहवाल स्वतःहून पुढे केला. गुंगीच्या एसेप्रोमाझिनचा आणि वेदनाशामक ब्यूटॉर्फनॉलचा डोस कमी ठेवावा लागतो. जुलाबावर माणसं सर्रास घेतात ते लोपरामाइड तर तिला द्यायचंच नाही. घरातल्या औषधांच्या डब्यावर मी तसं ठळक लिहून ठेवलंय. फिरायला गेल्यावर घोड्यांची लीद दिसली की पट्टा आखडते. घोड्याला नुकतंच जंताचं औषध दिलेलं असलं तर त्यातून आयव्हरमेक्टिन पोटात जाऊ शकतं, आणि झुईला लीद फार आवडते.