पोट बांधलं त्या दिवशी

बसवा म्हटलं ते मीच. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीचं दुसरं वर्ष होतं, अंगात उत्साह मावत नव्हता. पेशंट देवगडकडचा, वय ३२. आंबे काढताना फांदी मोडली आणि हा मानेवर आपटला. मज्जारज्जूला इजा सी-फाइव्हला, म्हणजे मानेतल्या पाचव्या पातळीवर. मानेत प्लेट बसवून दीड महिना झाला होता, श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी निघून आठवडा. आडवा असताना एका श्वासात १४ पर्यंत आकडे मोजायचा. छातीत हवा किती मावते याची ही आमची वॉर्डातली फुकटातली तपासणी; श्वास मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, दर वेळी सापडतंच असं नाही.

दम लागलेल्या माणसाला उशा लावून बसवायचं, हे घरोघरी माहीत असतं. दम्याला ते बरोबरही आहे. आम्ही तिघांनी उचलून त्याला व्हीलचेअरवर ठेवला. बीपी ९०/६०, त्याचं हल्लीचं नेहमीचंच.

"मोज बघू."

आठाला आवाज संपला. ओठ मात्र हलत राहिले. नाकपुड्या फुलल्या, ऑक्सिमीटरवर ९६ चे ९० झाले.

"आडवो करा त्याका!" आई ओरडली.

आडवा केला. थोड्या वेळात गाडी पुन्हा १४ वर.

आमच्या सीनियर मॅडम आल्या, रागावल्या नाहीत. त्याचा शर्ट वर करून फक्त म्हणाल्या, "पोट बघ." श्वास घेताना पोट फुगत होतं आणि छाती चक्क आत जात होती. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते, म्हणून तेवढं वाचलं होतं. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू त्याच्या खालच्या नसांवर चालतात; ते बंद. माणूस आडवा असला की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलून ठेवतात, त्याला खाली सरकायला जागा मिळते. बसवलं की सैल पोट पुढे लोंबतं, पटल आधीच खाली जाऊन सपाट होतं. मग ते आणखी खाली जाणार कुठे? हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. मार्कही पडले होते.

मॅडमनी पोटपट्टा मागवला. आई बघत राहिली. "बाळंतिणीचा पोट बांधतत तसाच ह्या?" तसंच, मावशी. इतकं सोपं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

पट्टा बांधून पुन्हा बसवला, या वेळी पाठ हळूहळू वर घेत. ११. ऑक्सिजन ९५. घशात कफ घुरघुरत होता. बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवून मी "एक, दोन, खोक" म्हटलं आणि त्याच्या खोकल्याबरोबर आत-वर दाबलं. पोटाचे स्नायू नसले की खोकल्याला जोर कुणीतरी बाहेरून द्यावा लागतो. तिसऱ्या खेपेला गोळा सुटला.

तेवढ्यात पट्टा सारखा करताना त्याचा उजवा पाय उडाला.

"मॅडम, पाय हललो!" आईने माझा हात धरला. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. मी त्याला विचारलं, "तू हलवलास?"

"नाय." त्याने आईकडे बघितलं नाही.

पडल्यानंतर पाय लुळे होते. आता मज्जारज्जूचा पहिला धक्का ओसरून इजेच्या खालची प्रतिक्षिप्त क्रिया जागी होत होती. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचला नव्हता. हे मी आईला बाहेर नेऊन सांगितलं, आणि सांगताना माझीच नजर फरशीवर होती. अशा जागं होण्याने स्नायू ताठरतात आणि त्या ताठरपणाने पुढे छातीचा पिंजराही थोडा घट्ट होतो, श्वास घेताना छातीचं आत जाणं कमी होतं, हेही सांगितलं. तिने ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

खरी हालचाल होती मनगटात, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हात आडवा धरला की मनगट जेमतेम वर यायचं आणि बोटं आपोआप मिटायची. पुढे याच मिटण्यावर वस्तू धरता येते. आई मात्र रोज खोबरेल लावून, मनगट मागे वाकवून, बोटं ताणून सरळ करायची. बोटं अशी ताणून सैल पडली तर ती पकडच जाते. तेवढं थांबवायला मला आठवडाभर भांडावं लागलं.

संध्याकाळी राउंडला गेले तर ती स्वतःच पट्टा बांधत होती, पार छातीपर्यंत चढवून.

"खाली, मावशी. बरगड्या मोकळ्या ठेवा."

तिने सोडून पुन्हा बांधला, गाठ मारावी तशी ओढून. तो न सांगताच मोजू लागला.